एकवीस हजार माश्या आणि एक शून्य

सलग सोळा दिवस शून्य! सारिका कासुर्डेने मोजणीच्या वहीचं पान उलटलं, तर पुढच्या पानावरही शून्यच. अक्षर उज्ज्वलाचं, गोल गोल, एका रेषेत बसवलेलं. एकवीस हजार सहाशे चाळीस माश्या मोजून झाल्या आणि त्यांत चुकार माशी एकही नाही म्हणे. सारिकाच्या मनात पाल चुकचुकली.

आता कुणी म्हणेल, बाई, चांगलं झालंय तर तुझ्या पोटात का दुखतंय? पण सारिकाने चोवीस वर्षं माश्या मोजल्या होत्या. पाचगणीच्या वरच्या अंगाला, पठारावरच्या फळपीक केंद्राच्या माशीघरात, मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्ट यांच्या आंबूस वासात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. तिचा नवरा संपत म्हणायचा, "तू दारात आलीस की घरात कुणी ताडी उघडलीय असं वाटतं." इतक्या वर्षांत तिला एक गोष्ट पक्की कळली होती. माशी पैकीच्या पैकी मार्क कधी देत नाही. एखादी बाहेरून घुसते, एखादी मोजताना निसटते, एखादीचा रंगच नीट कळत नाही. असं पाटीसारखं कोरं शून्य लिहितो तो एक तर देव, नाही तर लबाड. आणि उज्ज्वला गोळे काही देव नव्हती.

उज्ज्वला तिच्या शेजारच्या सूक्ष्मदर्शकावर अठरा वर्षं बसत होती. दोघींचे डबे एकत्र उघडायचे. पण अठरा वर्षं होऊनही उज्ज्वला कंत्राटावरच होती, आणि हुद्दार मॅडमनी तिला शब्द दिला होता की सोमवारी माश्या सोडल्या गेल्या की तिची जागा कायम होईल. सोमवार पाच दिवसांवर होता. एवढी गोष्ट सारिकाला पुरेशी होती.

प्रकरण काय होतं ते सांगायला हवं. साल दोन हजार त्रेचाळीस. घरातल्या केळ्यांवर घोंगावणारी चिलटं आपल्याला माहीत आहेत. त्यांचीच एक परदेशी चुलत बहीण दहा वर्षांपूर्वी पठारावर आली होती. चिलट बिचारं सडक्या फळावर बसतं. हिच्या मादीच्या शेपटाला मात्र करवत असते. ताज्या, नुकत्याच रंगू लागलेल्या स्ट्रॉबेरीला ती चीर पाडते आणि आत अंडी घालते. वरून फळ लालबुंद, आत अळ्यांची वळवळ. औषधं मारून मारून लोक थकले, माशी काही थकली नाही.

मग पुण्याहून आलेल्या डॉक्टर मृण्मयी हुद्दार यांनी माशीतच दोन जनुक बसवले. एकाला माशीघरात सगळे 'रेटा' म्हणायचे, दुसऱ्याला 'लगाम'. साधा जनुक आईबापांकडून निम्म्या पिल्लांनाच मिळतो. रेटा मात्र स्वतःची नक्कल जोडीतल्या दुसऱ्या गुणसूत्रावर उतरवायचा, त्यामुळे झाडून सगळ्या पिल्लांत जायचा, आणि माद्यांच्या करवती बोथट करायचा. पण रेटा नुसता सुटला तर थांबणार कुठं? पठार झालं की घाट, घाट झाला की देश, आणि पुढं समुद्रापलीकडं, जिथं ही माशी मूळची आहे आणि तिच्यावर जगणारे जीव आहेत. म्हणून लगाम. वीसेक पिढ्यांनी रेट्याला बंद पाडायचं हे त्याचं काम.

दोघांना एकाच गुणसूत्रावर शेजारी शेजारी बसवलं होतं. कारण शेजारचे जनुक पुढच्या पिढीत सहसा बरोबरच जातात. यालाच सहलग्नता म्हणतात. पण सहसा म्हणजे नेहमी नव्हे. आईच्या पोटात अंडं तयार होताना गुणसूत्रांची जोडी एकमेकांना भिडते, तुकड्यांची अदलाबदल करते, आणि कधीतरी शेजाऱ्यांची ताटातूट होते. ती होऊ नये म्हणून मॅडमनी गुणसूत्राचा तेवढा भाग उलटा फिरवून, म्हणजे तो जोडीदाराशी नीट भिडूच नये असं करून, 'कुलूप' घातलं होतं. कुलूप पक्कं आहे की नाही, हेच मोजायचं होतं. हजारात एक माशी जरी बिनलगामाची निघाली, तरी पठारावर सोडायच्या चाळीस लाखांत चार हजार झाल्या.

चाचणीसाठी रेट्याची कात्री, म्हणजे गुणसूत्र कापून नक्कल उतरवणारा त्याचा भाग, काढून ठेवली होती, म्हणजे तो साध्या जनुकासारखा वागेल. निळ्या उजेडात रेटा असलेल्या माशीचे डोळे हिरवे चमकायचे, लगाम असलेलीचं पोट लाल. दोन्ही चमकलं किंवा काहीच चमकलं नाही, तर ठीक. नुसते हिरवे डोळे दिसले, की कुलूप तुटलं. अशी चुकार माशी उज्ज्वलाला एकही दिसली नव्हती.

"शून्य आलंय ना? मग तोंड का पाडून बसलीयस?" संपतने त्या संध्याकाळी विचारलं. तो बागायतदार संघाचा अध्यक्ष होता. सोमवारच्या कार्यक्रमासाठी मंडपवाल्याला सांगून आला होता, आणि त्याच्या दीड एकरात नवी रोपं लागून झाली होती.

"शून्य आलंय म्हणूनच."

"तुझं म्हणजे न्यारंच आहे! एक आलं असतं तरी रडली असतीस."

"अहो, एक आलं असतं तर मी निवांत झोपले असते," सारिका म्हणाली. संपतने कपाळावर हात मारला आणि तो मंडपवाल्याला पुन्हा फोन करायला उठला.

सारिकाने मात्र ठरवलं, उज्ज्वलाची परीक्षा घ्यायची. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत उज्ज्वला हात धुवायला गेली, तेवढ्यात तिने नुसत्या रेट्याच्या जातीतल्या तीन माश्या, हिरव्या डोळ्यांच्या, सतरा नंबरच्या बाटलीत सोडल्या आणि बोळा परत लावला. अठरा वर्षांच्या मैत्रिणीला सापळा लावताना आपल्याला लाज वाटायला हवी, असं तिच्या मनात आलं. पण लाज वाटली नाही, उलट कुतूहल वाटलं. संशय एकदा अंगात आला की माणूस असा निर्लज्ज होतो.

उज्ज्वलाने जेवून सतरा नंबरची बाटली मोजली. सारिका कान टवकारून बसली होती. ब्रशने माश्या बाजूला सारल्याचा खसखस आवाज, मध्ये एकदा थोडी शांतता, मग पुन्हा खसखस. संध्याकाळी सारिकाने वही पाहिली. सतरा नंबर, एकशे अठ्ठ्याण्णव माश्या, चुकार शून्य.

"सापडलीस!" सारिका स्वतःशीच म्हणाली आणि तडक हुद्दार मॅडमच्या खोलीत गेली.

शुक्रवारी सकाळी मॅडमनी दोघींना समोर बसवलं. मॅडम वयाने दोघींपेक्षा लहान, पण चेहरा असा की समोरच्याला आपोआप सरळ बसावंसं वाटावं.

"उज्ज्वलाताई, सारिकाताईंचं म्हणणं आहे की तुम्ही न मोजताच आकडे लिहिता."

उज्ज्वलाचा चेहरा लाल झाला. ती उठली, माशीघरातून एक छोटी कुपी घेऊन आली आणि सारिकाच्या पुढ्यात ठेवली. आत तीन माश्या होत्या. बाहेर चिकटपट्टीवर तारीख, वेळ आणि 'सतरा नंबर, बाहेरून आलेल्या' असं लिहिलेलं.

"हे तुझे पाहुणे," ती म्हणाली. "ती बाटली मी आदल्या संध्याकाळी पूर्ण रिकामी केली होती. म्हणजे आतली कुठलीही माशी एका दिवसापेक्षा मोठी असू शकत नाही. कोवळी माशी फिकट असते, मऊ असते. या तीन चांगल्या चार दिवसांच्या टणक झालेल्या. कुणीतरी टाकल्या हे आंधळ्यालाही कळलं असतं. मी बाजूला ठेवल्या आणि वाट बघितली, कोण बोंब मारतंय. मला वाटलं नव्हतं गं, की तू असशील."

सारिकाला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. चोवीस वर्षांच्या अनुभवाचा एवढा तोरा, आणि माशीचं वय तिच्या ध्यानातच आलं नव्हतं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"आणि मोजून गोठवलेल्या सगळ्या माश्या मी काल रात्रीच कॅमेऱ्याखाली घातल्या," मॅडम म्हणाल्या. "आकडा जुळला. कुलूप पक्कं आहे. सारिकाताई, चाचणीच्या बाटलीत बाहेरची माशी टाकणं याचा अर्थ तुम्हाला मी सांगायला नको. सोमवार होऊ दे, मग बघू. तोवर किल्ल्या ठेवून घरी जा."

"मॅडम, पण शून्य—"

"सारिकाताई, पुरे."

उज्ज्वला तिच्याकडे न बघता बाहेर गेली.

सारिका आपलं सामान आवरायला माशीघरात आली. चष्मा, ब्रश, डबा. मनातून ती मेल्यासारखी झाली होती, पण डोक्यातला किडा काही मरेना. उज्ज्वला खरी, मोजणी खरी, कॅमेरा खरा. मग माश्याच खोट्या? मोजलेली पिल्लं सगळ्यांनी तपासली होती. त्यांचे आईबाप कुणी पाहिले होते?

आईबाप माशीघरात सात दिवसांनी बाटलीतून काढून, मारून, गोठवून ठेवायची पद्धत होती. बंद झालेल्या फाइलींसारखे ते फ्रीजरच्या खालच्या कप्प्यात पडून राहत. किल्ली अजून तिच्याकडेच होती. तिने पहिली कुपी काढली, दहा माश्या थाळीत पसरल्या आणि निळा उजेड लावला. पाच साध्या, पाच चमकणाऱ्या, हिरवे डोळे आणि लाल पोट. बरोबर. मग तिने भिंग जरा सरकवलं आणि तिचा हात तसाच राहिला. चमकणाऱ्या पाचही माश्यांच्या पंखांच्या टोकांवर काळा ठिपका होता.

या माशीत ठिपका फक्त नराला असतो.

तिने दुसरी कुपी काढली. तिसरी. दहावी. सगळीकडे तेच. रेटा आणि लगाम बापाकडून आले होते, आईकडून नव्हे. आणि फळमाशीचं एक गुपित माशीघरात झाडू मारणाऱ्यालाही पाठ असतं. या जातीच्या नरात गुणसूत्रांची अदलाबदल होतच नाही. बापाकडचे शेजारी जनुक जसेच्या तसे, हातात हात घालून पिल्लांत उतरतात. कुलूप असो वा नसो, बाप लावला तर शून्यच येणार! एकवीस हजार काय, एकवीस लाख मोजल्या असत्या तरी शून्यच. कुलूप पक्कं आहे की कच्चं, हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि सोमवारी चाळीस लाख माश्या सुटणार होत्या.

कुणी लावला हा उलटा फेर, नर-मादीची ही उलटी जोडी? तिच्या ओठांवर उज्ज्वलाचं नाव येत होतं, खोड मेली जात नाही, आणि तेवढ्यात तिला ऑगस्ट आठवला.

ऑगस्टमध्ये ती नऊ दिवस कराडला होती, भावाच्या ऑपरेशनसाठी. दवाखान्याच्या जिन्यात उज्ज्वलाचा फोन आला होता. चमकणाऱ्या जातीच्या कुमारिका मिळत नव्हत्या. मादी एकदा नराला जुळली की त्याचं बीज पोटात साठवून ठेवते. म्हणून फेर लावायचा तर कोषातून निघालेली मादी काही तासांत, सकाळी सहाला येऊन वेचावी लागते. माशीघरातलं सगळ्यांत कंटाळवाणं काम. नराला असली काही अट नाही, कधीही उचला. सारिकाने घाईत सांगितलं होतं, "मग उलटा लाव गं. नर त्यांचे घे, माद्या साध्या जातीच्या, त्या वेचलेल्या आहेतच. पिढी तुटायला नको, बस." तिला म्हणायचं होतं जात टिकवायला. पण परत आल्यावर तिने त्याच बाटल्या चाचणीच्या फळीवर मांडल्या होत्या, आणि भावाच्या प्लास्टरच्या गप्पा मारत मारत चाळीस पानांवर 'फेर तपासला' अशी सही ठोकली होती. आईबाप न बघता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तीन दिवस ती दुसरीच्या वहीत चोर शोधत होती.

गप्प राहिली तर काय होणार होतं? मंडप लागेल, संपतला हार पडेल, उज्ज्वला कायम होईल. कदाचित कुलूप खरंच पक्कं असेल. बोलली तर हंगाम हातचा जाणार, नोकरी जाणार, आणि मुळात तिच्यावर विश्वास कोण ठेवणार? तिला खूप भीती वाटली. ती कुप्या डब्यात भरून उज्ज्वलाच्या घरी गेली.

उज्ज्वला मेथी निवडत बसली होती. तिने 'ये' म्हटलं नाही. सारिकाने उंबऱ्याशी बसून सगळं सांगितलं. उज्ज्वलाचे हात थांबले.

"मला वाटलं, तू आल्यावर सरळ फेर लावून घेतला असशील," ती शेवटी म्हणाली. "सही होती ना तुझी. तुझ्या सहीवर मी कधी संशय घेतला नाही."

सारिकाला हे बोलणं लागलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माझ्याबरोबर चल मॅडमकडं. माझं एकटीचं त्या ऐकायच्या नाहीत."

"मी कशाला येऊ? माझी मोजणी बरोबर आहे. चूक तुझी, तूच सांग." उज्ज्वलाने मेथीची काडी मोडली. "आणि सोमवारनंतर मी कायम होणार होते, एवढंही लक्षात ठेव."

"ठाऊक आहे गं."

"ठाऊक आहे म्हणे! त्यावरूनच तर मला चोर ठरवलंस." तरीही सारिका फाटकापर्यंत गेली तेव्हा मागून आवाज आला, "ठिपके दाखव आधी. बोलत बसू नकोस. तू बोललीस की त्यांना राग येतो."

शनिवारी सकाळी सारिकाने तसंच केलं. मॅडमच्या टेबलावर थाळी ठेवली आणि फक्त म्हणाली, "पंख बघा." मॅडम भिंगाला डोळा लावून इतका वेळ बसल्या की सारिकाला वाटलं, आता ओरडणार. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी 'फेर तपासला'ची वही मागवली, सारिकाच्या सहीखालच्या स्वतःच्या सहीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "मीही नाही पाहिलं." मग त्यांनी मंजुरी समितीला फोन लावला.

सोमवारी मंडप उतरला. संपत दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "लोक विचारतायत, अध्यक्षांच्या बायकोनेच घात केला म्हणे." सारिका म्हणाली, "केलाच. ऑगस्टमध्ये." त्याने भाकरी मोडली. त्या वर्षी पहिल्या तोडणीलाच त्यांच्या फळात अळी निघाली.

चौकशी लागली, पण सरळ फेर लावायला माणूस हवा होता आणि पहाटे उठून कुमारिका ओळखणाऱ्या पंचक्रोशीत दोघीच होत्या. उज्ज्वलाने अट घातली. सारिकाने माद्या वेचायच्या, बाटलीचा बोळा लागला की पुढं हात लावायचा नाही. सारिकाने ती मान्य केली. आठ दिवस दोघी सकाळी सहाला समोरासमोर बसून फिकट, ओल्या पंखांच्या माद्या वेचत राहिल्या, आणि 'ब्रश दे', 'झाकण लाव' यापलीकडं एक शब्द बोलल्या नाहीत. डबे वेगवेगळे उघडायचे. या वेळी आईबापांच्या प्रत्येक कुपीवर तिघींच्या सह्या होत्या.

पंधरवड्याने पिल्लं निघू लागली. पहिले दोन दिवस शून्य. सारिकाला वाटलं, सुटलो. मॅडमचं कुलूप खरंच पक्कं होतं, नुसता तीन-चार आठवड्यांचा खोळंबा झाला, एवढंच. तिसऱ्या दिवशी सकाळी ती ब्रश धूत होती आणि मागची खसखस एकदम थांबली. ती पुन्हा सुरू होईना.

"काय गं?"

उज्ज्वलाने भिंगावरचा डोळा काढला नाही. "नुसते हिरवे डोळे. पोट काळं."

सारिका धावतच टेबलाकडं निघाली.

"थांब!" उज्ज्वला इतक्या जोरात म्हणाली की सारिका जागच्या जागी थबकली. "तिथंच राहा. जवळ येऊ नकोस. मॅडमना बोलव."

"मी टाकली नाही गं. आईची शपथ, मी नाही टाकली."

"असेल. पण मला कसं कळणार?" उज्ज्वलाला रडू येत होतं, आणि तरीही तिने थाळीवर दोन्ही हातांचा आडोसा धरला होता. "माशी कोवळी दिसतेय. पण आता तुलाही ठाऊक आहे ना, कोवळी टाकायची असते ते."

चाळीस लाख माश्या अडवायला पुरेशी एक माशी तिथं पडली होती, चोवीस वर्षांतली तिची सगळ्यांत खरी माशी. आणि ती खरी आहे हे सारिकाने सांगून काही उपयोग नव्हता. तिने दारातूनच हाक मारली. मग स्टूल भिंतीशी ओढलं आणि हात मांडीवर ठेवून बसली.

हुद्दार मॅडम धावत आल्या. उज्ज्वलाने खुर्ची रिकामी केली. मॅडम बसल्या, भिंगाशी वाकल्या, आणि डोळा लावण्याआधी त्यांनी मान वळवून सारिकाकडं पाहिलं. क्षणभरच.

सारिका उठली. अंगातला पांढरा कोट काढून तिने मॅडमच्या पुढ्यात धरला.

"मॅडम," ती म्हणाली, "आधी माझे खिसे बघा. मग माशी बघा."